पुन्हा प्यायलो, आता गटात कोणत्या तोंडाने जाऊ?

पत्रलेखक ४३ वर्षांचे आहेत. ते नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सुपरवायझर असून सिडकोत पत्नी आणि आठवीतील मुलीसह राहतात. व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर उपचार घेतल्यावर ते दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या, म्हणजे एएच्या, गटात नियमित जाऊ लागले आणि वर्षाहून अधिक काळ दारूपासून दूर राहिले. वर्ष पूर्ण झाले तेव्हा गटाने त्यांना मेडल दिले आणि नवीन येणाऱ्यांना त्यांच्याशी बोलायला सांगितले जाऊ लागले. पुढे ओव्हरटाइममुळे सभांना जाणे कमी झाले. गेल्या महिन्यात दिंडोरीकडे चुलत भावाच्या हळदीत त्यांनी एक पेग घेतला आणि त्यानंतर दोन-अडीच आठवडे ते रोज प्यायले. आता आठवडाभर बंद आहे. गटातले त्यांचे स्पॉन्सर, म्हणजे त्यांना आधार देणारे जुने सभासद, ज्यांना ते काका म्हणतात, फोन करतात. हे उचलत नाहीत. ते लिहितात, 'ज्यांना मी धीर दिला त्यांच्यासमोर आता कोणत्या तोंडाने उभा राहू? सहा महिने स्वतःच्या बळावर काढून मगच परत जावे, की नाशिकरोडला, जिथे कोणी ओळखत नाही, अशा गटात नव्याने सुरुवात करावी? मोठे भाऊ म्हणतात की हे सगळे सोड आणि माळ घाल. आमच्या कारखान्यातला एक जणही त्या गटात येतो, त्याचीही धास्ती वाटते.'

तुम्ही मांडलेले पर्याय वरवर पाहता वेगवेगळे आहेत, पण त्या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. सहा महिने एकट्याने काढा, अनोळखी गटात जा किंवा माळ घाला, यांपैकी काहीही केले तरी 'मी पुन्हा प्यायलो' हे तुम्हाला ओळखणाऱ्या माणसासमोर उच्चारावे लागत नाही. तुम्ही हे पर्याय दारूपासून दूर राहण्यासाठी शोधत आहात की त्या तीन शब्दांपासून दूर राहण्यासाठी, हे आधी स्वतःशी तपासून पाहावे असे मला वाटते. माझे मत सुरुवातीलाच सांगते. तुम्ही याच आठवड्यात आणि जुन्याच गटात परत जावे.

'कोणत्या तोंडाने' असे विचारताना तुम्ही गृहीत धरले आहे की गट ही न पिणाऱ्यांची सभा आहे आणि जो प्यायला त्याने तिथला हक्क गमावला. एएच्या तिसऱ्या परंपरेत, म्हणजे गट ज्या तत्त्वांवर चालतात त्यांपैकी तिसऱ्यात, सभासदत्वाची अट एकच सांगितली आहे, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. दारू सुटलेली असली पाहिजे, अशी अट त्यात नाही. तुमची इच्छा शाबूत नसती तर हे पत्र आले नसते, त्यामुळे तुमचे सभासदत्व गेलेले नाही.

या संघटनेची सुरुवात कशी झाली हे तुम्ही सभांमध्ये ऐकले असेल, तरी आज ते वेगळ्या कानाने ऐका. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचे बिल विल्सन कामासाठी अमेरिकेतील ॲक्रन या शहरात गेले होते. काम फिसकटले, आणि हॉटेलात एकटे असताना बारकडे पाय वळू लागले. पाच महिने न प्यायलेल्या या माणसाला तेव्हा कळून चुकले की आपल्याला आत्ता दुसऱ्या एखाद्या मद्यपीशी बोलायला हवे, आणि तेही त्याला सुधारण्यासाठी नव्हे तर स्वतः तग धरण्यासाठी. शोधाशोध करून त्यांची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदांशी पडली. त्यानंतर डॉ. बॉब यांनी दारू सोडली, पण काही आठवड्यांतच एका वैद्यकीय परिषदेसाठी अटलांटिक सिटीला गेले असता ते पुन्हा भरपूर प्यायले. परतल्यावर त्यांना सावरले ते बिल यांनीच. डॉ. बॉब यांनी शेवटची दारू घेतली तो दिवस १० जून १९३५ असा मानला जातो आणि एए हाच आपला स्थापनादिन म्हणून पाळते. ज्या संघटनेत तोंड दाखवायची तुम्हाला लाज वाटते, ती संघटना आपले वय एका संस्थापकाच्या रिलॅप्सपासून, म्हणजे दारू सोडल्यावर पुन्हा पिण्यापासून, मोजते.

आता त्या दोन-अडीच आठवड्यांकडे पाहू. हळदीच्या रात्रीचा पेग आणि त्यानंतरची रोजची दारू यांना तुम्ही एकच घटना समजता. या दोन्हींमध्ये फरक केला पाहिजे, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी १९८० च्या दशकात मांडले. पहिल्या घोटानंतर माणूस स्वतःला काय सांगतो यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते. 'आता सगळे संपलेच, मी मुळातच नालायक' असे त्याने ठरवले की अपराधी भावना असह्य होते, आणि ती बुजवायला त्याला वर्षानुवर्षे माहीत असलेला उपाय एकच असतो. हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना फोन गेला असता तर कदाचित ते एका रात्रीवर थांबले असते. हे मी बोल लावण्यासाठी लिहीत नाही. सहा महिने दूर राहण्याचा तुमचा बेत म्हणजे तीच सकाळ सहा महिने लांबवणे आहे, एवढेच मला दाखवायचे आहे. त्या सहा महिन्यांत तल्लफ आली तर तुम्ही कोणाला सांगणार, याचे उत्तर त्या बेतात कोठेच नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरते येऊन गेले आहे, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. ओव्हरटाइममुळे सभांना जाणे कमी झाले होते, असे तुम्ही लिहिता. म्हणजे घसरण हळदीच्या मांडवात सुरू झाली नाही. ती त्याआधी काही महिने चालू होती. दुसरे असे की, तुमच्या संपूर्ण पत्रात तुम्ही इतरांना धीर देताना दिसता, कोणाकडे तो मागताना एकदाही दिसत नाही. मेडल मिळाल्यानंतर तुमच्या शेअरिंगमध्ये, म्हणजे सभेतल्या अनुभवकथनात, काय असायचे, ते आठवून पाहा. पगाराच्या दिवशी घरी येताना वाइन शॉपपुढे गाडीचा वेग आपोआप कमी होतो, द्राक्षाच्या हंगामात जो तो पाहुणा वायनरी बघायची म्हणतो आणि आपल्याला सोबत जावे लागते, मेव्हणा समोर बसून निवांत पितो तेव्हा संताप येतो, हे तुम्ही तिथे बोलत होतात का? माझा अंदाज असा की नाही. वर्षाचे मेडल घेतलेल्या माणसाने नवख्यांसमोर असे काही म्हणायचे कसे, असे तुम्हाला वाटले असावे. गटाने तुम्हाला आदर्श केले आणि तुम्ही ते मनावर घेतले. दोघांचाही हेतू चांगला होता, पण त्यामुळे गटातली तुमची रुग्ण म्हणून असलेली जागा रिकामी झाली. परत गेल्यावर ते आदर्शपण राहणार नाही, आणि माझ्या मते ते गेलेलेच बरे.

तुम्ही ज्यांना धीर दिलात ते नवखे खचतील, ही भीती मी समजू शकते. पण आत्ता त्यांच्या हाती काय आहे ते पाहा. मेडल मिळालेला माणूस एक दिवस यायचा बंद झाला, फोनही उचलत नाही, एवढेच त्यांना ठाऊक आहे. त्यांच्यापैकी कोणाचा उद्या रिलॅप्स झाला तर तोही असाच गायब होईल, कारण त्याने तेवढेच पाहिलेले असेल.

वर्षभराचा काळ शून्य झाला असेही मानू नका. सभेत दिवसांची मोजणी पहिल्यापासून सुरू होते, ती गटाची पद्धत आहे आणि ती पाळावी. मात्र त्या वर्षात यकृताला मिळालेली विश्रांती, घरात परत आलेला विश्वास आणि तल्लफ टाळण्याची अंगवळणी पडलेली युक्ती हे त्या मोजणीने पुसले जात नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ गैरवापर संस्थेच्या माहितीनुसार व्यसनावर उपचार घेतलेल्या ४० ते ६० टक्के लोकांत पुन्हा सेवन होते, आणि उच्च रक्तदाब किंवा दमा असणाऱ्यांचा आजार उलटण्याचे प्रमाणही याहून कमी नसते. याच आकड्याचा गैरवापरही फार होतो. 'रिलॅप्स तर सगळ्यांचाच होतो' असे म्हणत पुढच्या पेगची सोय करणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. काही काळ न प्यायलेल्या शरीराची दारू सोसण्याची ताकद घटलेली असते आणि जुन्याच मापाने प्यायल्यास ते जिवावर बेतू शकते, म्हणून रिलॅप्स समजून घ्यावा, पण त्याला गृहीत धरू नये.

स्वतःच्या बळावर, या शब्दांविषयीही थोडे लिहिते. कारखान्यात तीस माणसे सांभाळणाऱ्याला आपण एकट्याने हे करू शकू असे वाटणे स्वाभाविक आहे. २०२० मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांतील दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. एएकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार मिळालेल्यांपैकी ४२ टक्के लोक वर्षभरानंतर सलग दारूमुक्त होते, तर बोधात्मक वर्तनोपचारासारखे इतर उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. हा फरक चमत्कार म्हणावा इतका मोठा नाही. पण ही तुलना एकट्याने झगडणाऱ्यांशी नव्हती, तज्ज्ञांच्या चांगल्या उपचारांशी होती, हे ध्यानात घ्या. आपल्याकडे तर अनेकांच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात मद्यावलंबी ३८ जणांपैकी केवळ एकाने आपल्याला काही ना काही उपचार मिळाल्याचे सांगितले. तुमच्याकडे गट आहे, स्पॉन्सर आहे आणि ते स्पॉन्सर अजूनही फोन करत आहेत.

तेव्हा पहिली पायरी तो फोन. काय बोलायचे ते आधी कागदावर लिहून घ्या, कारण आयत्या वेळी माणूस कारणे देत बसतो. 'काका, हळदीपासून मी प्यायलो होतो. आठवडाभर बंद आहे. सभेला यायचे आहे, पण एकट्याला पाय उचलत नाही. तुम्ही बरोबर याल का?' इतके पुरे. का प्यायलो, कोणी आग्रह केला, किती लाज वाटते, हे पहिल्या फोनवर नको. तेही बोलायचे नंतर आहेच, पण समोरासमोर बसून. बोलवतच नसेल तर हाच मजकूर मेसेजने पाठवा. सभेच्या दिवशी दहा मिनिटे आधी पोहोचा आणि दाराजवळची खुर्ची न घेता काकांच्या शेजारी बसा. पाळी आली की 'मी अमुक, मद्यपी. मी पुन्हा प्यायलो होतो. आज प्यायलेलो नाही' असे म्हणून थांबलात तरी चालेल. क्षणभर शांतता होईल आणि मग पुढचा माणूस बोलू लागेल. चहाच्या वेळी एखादा जुना सभासद बाजूला घेऊन आपलाही दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी असाच झालेला रिलॅप्स सांगेल, अशी मला बरीच खात्री आहे. एखाद्याच्या चेहऱ्यावर नाराजीही दिसेल. ती त्याची आहे, तिचे उत्तर तुम्ही देणे लागत नाही.

सगळे गट सारखे नसतात, हेही मान्य करायला हवे. परत आलेल्याला चारचौघांत फैलावर घेतले जात असेल, डॉक्टरांची औषधे बंद करायला सांगितले जात असेल किंवा सभासदांत उसनवारी चालत असेल, तर तो गट बदलावा. एए स्वतः औषधोपचारांविषयी सल्ला देत नाही, त्यामुळे असे सांगणाऱ्याचे ते वैयक्तिक मत समजावे. तुमच्या पत्रात मात्र तुमच्या गटाविषयी अशी एकही तक्रार नाही.

नाशिकरोडच्या गटात जरूर जा, पण जुन्याच्या जोडीला. एका माणसाने दोन-तीन गटांत जाणे एएमध्ये नेहमीचेच आहे, आणि रिलॅप्सनंतर नव्वद दिवसांत नव्वद सभा कराव्यात असा प्रघातही आहे. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला एका गटाच्या भरवशावर ते जमणारच नाही. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळच्या सभा हुकतील, तेव्हा सकाळची किंवा व्हिडिओवरची सभा शोधावी लागेल. टाळेबंदीनंतर अनेक गटांनी अशा सभा चालू ठेवल्या आहेत. ज्या दिवशी काहीच जमणार नाही त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एका सभासदाला पाच मिनिटे फोन करा. ओव्हरटाइम पुन्हा येईल तेव्हा सर्वांत आधी सभा सुटणार, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून आठवड्यातली एक सभा अशी ठरवा की त्या संध्याकाळचा ओव्हरटाइम घ्यायचाच नाही, आणि ती कोणती हे काकांना आणि घरी सांगून ठेवा.

कारखान्यातल्या सहकाऱ्याची धास्ती निराधार नाही. गटातली गुप्तता ही परंपरा आहे, तिच्यामागे कायद्याचा धाक नाही. डॉक्टर आणि समुपदेशकांच्या बाबतीत मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि दारूच्या व्यसनाशी निगडित विकार त्या कायद्यात येतात. तरीही विचार करा की तो सहकारी त्याच खोलीत बसतो, म्हणजे तुमच्याइतकेच त्याचेही झाकलेले आहे. त्याला सभेबाहेर गाठून 'इथले इथेच राहू दे, तुझेही आणि माझेही' एवढे सरळ बोलून घ्या. जी गोष्ट तुम्हाला कारखान्यात जाऊ द्यायची नाही, ती सभेत न बोलता काकांशी एकट्याने बोला.

तुमच्या भावाच्या सांगण्याला मी कमी लेखत नाही. आपल्या भागात माळ घातल्यावर दारूला न शिवलेली माणसे घरोघर आहेत, आणि पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी पायी येणाऱ्या दिंड्यांत ती भेटतातही. त्यांना माळेइतकाच आधार दिंडीचा असतो. आठवड्याचे भजन, एकादशी, सोबत चालणारी आणि चुकला तर विचारपूस करणारी माणसे. तुमची श्रद्धा असेल तर माळ घाला आणि दिंडीतही जा. पण कोणी काही विचारू नये म्हणून माळ घालू नका, कारण उद्या पाऊल घसरले तर माळ उतरवून खिशात ठेवण्याची लाज आजच्याहून मोठी असेल.

गटाबरोबर डॉक्टरही हवेत. रिलॅप्सनंतर उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटाच. झोप उडाली आहे का, मन सतत खिन्न आहे का, हे त्यांनी पाहिले पाहिजे, कारण नैराश्यावर उपचार झाले नाहीत तर केवळ सभांनी भागत नाही. तल्लफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेटसारखी औषधे तुमच्यासाठी योग्य आहेत का, तेही विचारा. तुमच्यासारख्याच परिस्थितीतील इतर वाचकांसाठी दोन गोष्टी इथे लिहिणे भाग आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने वैद्यकीय देखरेखीशिवाय एकदम दारू बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, गोंधळ आणि तीव्र थरथर सुरू होऊन जिवाला धोका होऊ शकतो. तसेच दारू सोडवण्याची पूड किंवा गोळी पिणाऱ्याच्या नकळत चहा-जेवणात मिसळू नये. अशा औषधांत डायसल्फिराम असू शकते, त्यावर दारू प्यायल्यास रक्तदाब एकदम उतरून प्राणावर बेतू शकते, आणि त्याचा परिणाम शेवटच्या गोळीनंतरही सुमारे दोन आठवडे टिकू शकतो. केंद्र किंवा डॉक्टर शोधायचे असतील तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे. जीव नकोसा वाटत असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते.

पत्नीविषयी तुम्ही फारसे लिहिलेले नाही. तुमच्या प्यायच्या दिवसांत त्या एकट्याच होत्या आणि आजही खिसे तपासत असतील, तर त्यात तुमचा अपमान मानू नका. त्यांनाही बोलायला माणसे हवीत. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉनच्या सभा असतात, आणि पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. मुलगी आठवीत आहे, तिला सगळे कळलेले असणार. 'पप्पा आजारी होते, पुन्हा प्यायले, आता परत सभेला जात आहेत, आणि यात तुझे काही चुकलेले नाही' असे तिला तुम्ही स्वतः सांगा. पुन्हा कधीही पिणार नाही, असे वचन मात्र देऊ नका. कोणत्या दिवशी सभेला जाता ते तिला सांगा, म्हणजे तिला ते पाहता येईल.

राहिला प्रश्न पुढच्या समारंभांचा, कारण तुमच्या नात्यात यंदा आणखी लग्ने असतील आणि त्यानंतर आषाढ अमावास्येच्या आधीचे, गटारीचे दिवस येतील. पहिले सहा महिने हळदीला जाऊच नका. लग्नाला अक्षतांच्या वेळी जा, आहेर द्या, जेवा आणि निघा. त्यावर नातेवाईक दोन दिवस बोलतील आणि विसरतील. जाताना पत्नी बरोबर असू द्या आणि स्वतःची गाडी न्या, म्हणजे कोणाच्या वाहनासाठी रात्री ताटकळावे लागणार नाही. आग्रह झालाच तर 'डॉक्टरांनी बंद केली आहे' हे उत्तर खरे आहे आणि पुरेसेही. मांडवात शिरण्यापूर्वी एका सभासदाला फोन करा, निघाल्यावर दुसरा करा, आणि हे दोन्ही फोन कोणाला करायचे ते घरून निघण्याआधीच ठरवून ठेवा.